क्ले मातीत (चिकणमातीत) ब्लेझिंग स्टार लावायचंय, मोनार्क फुलपाखरं आणि गोल्डफिंच पक्षी यावेत म्हणून. कुठली जात घेऊ?

नेपरव्हिल_नवखी

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो, घर नव्या वसाहतीतलं आहे त्यामुळे मागे नुसतं लॉन आणि कुंपणाला लागून साधारण बारा बाय सहा फुटांचा रिकामा पट्टा, ऊन दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत भरपूर. लायलला मॉर्टन आर्बोरेटम या वनस्पती उद्यानाची जी जुनी प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, आहे तिथे ऑगस्टमध्ये ती उंच जांभळी तुऱ्यासारखी फुलं बघितली, ब्लेझिंग स्टार, आणि एकेका काडीवर दोन-दोन मोनार्क बसलेले, तेव्हापासून डोक्यात तेच आहे की आपल्याकडेही हे लावायचंच.

आता अडचणी. माती म्हणजे नुसती क्ले, फावडं मारलं की पिवळट ढेकूळ निघतं. पट्ट्याच्या एका टोकाला छताच्या पन्हाळीचं पाणी पडतं, तिथे एप्रिल-मेमध्ये चिखल असतो आणि दुसरं टोक थोडं उंचावर, ते जुलैत भेगा पडेपर्यंत वाळतं. दुकानात गेले तर पिशवीत कंद मिळतात त्यावर नुसतं लिअ‍ॅट्रिस लिहिलंय, ऑनलाइन बघितलं तर पाच-सहा जाती दिसतात आणि किमतीत भरपूर फरक. बी लावू की कंद की तयार रोपं? शेजारीण म्हणते ती फुलं आडवी पडतात म्हणून तिने उपटून टाकली. ससे तर आमच्याकडे इतके आहेत की ट्युलिपचं एक पान वर येऊ देत नाहीत. आणि हो, वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं एक पत्र आधीच येऊन पडलंय शेजारच्या गल्लीत कुणाला तरी, गवत वाढवलं म्हणून, त्यामुळे नवरा म्हणतोय नको ती भानगड.

शिवाय सासूबाई मेमध्ये येणार आहेत, त्यांचा डोळा त्याच पट्ट्यावर आहे, मेथी, भेंडी आणि दुधीच्या वेलासाठी. तर एवढ्याशा जागेत दोन्ही बसेल का तेही सांगा.

मॅडिसनकर

प्रश्न छान मांडलात, जागेची माहिती दिलीत हे बरं केलंत, नाहीतर लोक विचारतात कुठलं झाड लावू आणि ऊन किती माती कशी काहीच सांगत नाहीत.

लिअ‍ॅट्रिस हे ब्लेझिंग स्टारच्या अख्ख्या गटाचं शास्त्रीय नाव झालं, त्यात जातीजातीच्या आवडी एकदम वेगळ्या आहेत आणि ९० टक्के तक्रारी चुकीची जात चुकीच्या जागी लावल्यामुळेच येतात. दुकानात पिशवीतून मिळते ती जवळपास नेहमी लिअ‍ॅट्रिस स्पायकाटा, तिचे कंद बहुतेक हॉलंडहून येतात, किंवा तिचंच कोबोल्ड नावाचं बुटकं वाण. ही मुळात ओलसर जागेतली, दलदलीच्या काठची बाई. वाईट नाही, फुलपाखरं येतात तिच्यावर, पण तुमच्या वरच्या कोरड्या टोकाला लावली तर जुलैत माना टाकेल.

तुम्ही मॉर्टनला बघितली ती, वर्णनावरून सांगतो, लिअ‍ॅट्रिस पिक्नोस्टॅकिया असावी, प्रेअरी ब्लेझिंग स्टार म्हणतात ती. चार-पाच फुटांपर्यंत जाते, फुलं काडीला एकमेकांना चिकटून गच्च, जुलै ते ऑगस्ट. हिला क्ले चालते, ओलावाही चालतो, तुमच्या पन्हाळीच्या टोकापासून थोडं अलीकडे, मधल्या भागात ही लावा. अगदी चिखल असतो तिथेच नको, हिवाळ्यात पाणी साचून राहिलं की कंद कुजतो. तिथे हवी तर स्पायकाटा.

वरच्या कोरड्या टोकाला लिअ‍ॅट्रिस अ‍ॅस्पेरा. हिची फुलं बटणासारखी सुटी-सुटी असतात काडीवर, उंची तीन फुटांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे उशिरा फुलते, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर. आता हे उशिरा फुलणं का महत्त्वाचं ते सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी जी मोनार्कची पिढी निघते ती अंडी घालायच्या भानगडीत पडत नाही, ती सरळ दक्षिणेला निघते, मध्य मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरात ओयामेल फरच्या जंगलात हिवाळा काढायला. वाटेत फुलांचा रस पिऊन अंगात चरबी साठवायची आणि त्याच चरबीवर बराचसा हिवाळा काढायचा असा त्यांचा हिशोब. त्यामुळे सप्टेंबरमध्ये तुमच्या अंगणात काही फुललेलं असणं याला खरी किंमत आहे, जूनमध्ये तर काय सगळंच फुलतं.

अजून एक जात लोक तुम्हाला सांगतील, लिअ‍ॅट्रिस लिग्युलिस्टायलिस, मेडो ब्लेझिंग स्टार. मोनार्क तिच्यासाठी अक्षरशः वेडे होतात, माझ्या अंगणात बाकीची फुलं सोडून आधी तिच्यावर जातात. पण तिचं मूळ घर इकडे विस्कॉन्सिन-मिनेसोटापासून पश्चिमेला डाकोटा, मॅनिटोबापर्यंत, शिकागोच्या बाजूचं नाही. आणि या जाती एकमेकींत सहज संकर करतात. तुमच्या आसपास राखलेली प्रेअरी असेल तर मी तरी तिथलीच जात लावीन, पण एखादं रोप लावलंत म्हणून कुणी फाशी देणार नाही.

आडवी पडण्याबद्दल: लाड कमी करा. खत नाही, कंपोस्टचा थर नाही, रोज पाणी नाही. पहिल्या उन्हाळ्यात रोप धरेपर्यंत आठवड्याला एकदा पाणी, नंतर बंद. हे झाड गवताच्या गर्दीत वाढलेलं आहे, चहूबाजूंनी गवताचा आधार असतो म्हणून सरळ उभं राहतं. तुम्ही ते एकटं काढून मल्च, म्हणजे पाला-भुशाचं आच्छादन, घातलेल्या मऊ सुपीक वाफ्यात ठेवलंत की लांबलचक काडी काढतं आणि पहिल्या वादळी पावसात लोळतं. शेजारणीकडे हेच झालं असणार. मधे मधे लिटल ब्लूस्टेम नावाचं गवत लावा, दोन-तीन फुटी, गड्डे करून वाढतं, पसरत नाही आणि थंडीत तांबूस होतं ते बघायलाच लावावं.

आयोवा_काकू

मॅडिसनकरांनी फुलपाखरांचं सगळं सांगितलंय, मी पक्ष्यांचं सांगते कारण आमच्या आयोवाचा तो राज्यपक्षी आहे ना, गोल्डफिंच! पिवळाधमक, चिमणीपेक्षा लहान. तो इतर पक्ष्यांसारखा वसंतात घरटं करत नाही गं, थांबतो, जून संपता संपता, जुलैत करतो, काटेरी थिसलचं बी आणि म्हातारी धरेपर्यंत. ब्लेझिंग स्टार पण त्याच सूर्यफुलाच्या कुळातलं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काडीवर भुरकट पिसासारखी म्हातारी दिसायला लागली की हे येतात, काडीला उभे आडवे लटकतात, ती वाकते, हे खाली डोकं करून एकेक बी ओढून काढतात आणि वरचा पिसारा वाऱ्यावर सोडून देतात. खिडकीतून बघत बसलं की चहा गार होतो.

म्हणून फुलं सुकली की कापून टाकायची नाहीत! इकडे सगळ्यांना ऑक्टोबर आला की बाग साफ करायचा झटका येतो. राहू दे तशीच.

आता फुलाची गंमत. आपल्या निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते ना, याचं उलटं, शेंड्यापासून खाली. शेंड्याचं फूल सुकलेलं आणि बुडाशी अजून कळ्या असं दिसतं, कुणाला वाटतं झाड मरतंय, मरत नाहीये, तसंच असतं ते.

ससे. कोवळं पान त्यांना अमृत आहे, पहिली दोन वर्षं चिकन वायरची गोल जाळी घालायची प्रत्येक रोपाला, दोन फूट उंच तरी आणि खाली जमिनीत खुंट्या मारून. झाड मोठं होऊन काडी राठ झाली की मग फार लक्ष देत नाहीत. पण खरा शत्रू सशापेक्षा व्होल, ते आखूड शेपटीचे उंदीर. बर्फाखालून बोगदे करतात आणि कंद कुरतडून खातात, वसंतात तुम्ही वाट बघत बसता आणि खाली काहीच नसतं. माझ्या एका ओळीतले जवळपास सगळे गेले होते तसे. आता मी कंद लावताना पाव इंची जाळीच्या टोपलीत लावते, वरून उघडी. शिवाय खोडाभोवती जाड मल्च घालायचं नाही, त्यांना लपायला आयती गादी मिळते.

कंद लावलास तर दोन-तीन इंच खोल, केसाळ मुळांची बाजू खाली, आणि दाबून बघून घे, मऊ किंवा बुरशी आलेला नको. एकदा एका मोठ्या दुकानातून आणलेल्या पिशवीत अर्धे वाळून खडखडीत झालेले निघाले होते, तेव्हापासून मी मे महिन्यातल्या नेटिव्ह प्लांट (स्थानिक झाडांच्या) सेलमधून छोटी रोपंच आणते.

सासूबाईंना नाराज करू नकोस हो, त्या दुधीवर पुढची भांडणं होतील.

बटाव्हियाचा_बंड्या

मी तुमच्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर. फर्मीलॅब बघितलंय का? भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा पण आवारात हजारभर एकर प्रेअरी परत आणलीय, १९७५ पासून काम सुरू आहे, रॉबर्ट बेट्झ नावाच्या प्राध्यापकांनी सुरू केलं, ते आधी जुन्या कबरस्तानांमध्ये उरलेली प्रेअरीची झाडं शोधत फिरायचे. कारण उरली होतीच मुळी अशा जागी, कबरस्तान आणि रेल्वे रुळांच्या कडेला, जिथे नांगर फिरला नाही. इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात पण सव्वादोन कोटी एकरांच्या आसपास जी प्रेअरी होती त्यातली चांगल्या अवस्थेतली जेमतेम दोन-अडीच हजार एकर राहिली. बाकी सगळं मका आणि सोयाबीन. जॉन डियरने १८३७ मध्ये इथेच ग्रँड डिटूरला पोलादी नांगर केला, आधीचे ओतीव लोखंडाचे नांगर या चिकट काळ्या मातीत अडकायचे, पोलादाला माती चिकटेना, झालं.

मातीवरून आठवलं. तुमची पिवळट क्ले ही इथली खरी माती नाही, बिल्डर लोक घरं बांधताना वरची काळी माती खरवडून काढतात, जड मशीन फिरवून खालची दाबून टाकतात आणि मग वर चार इंच माती पसरून लॉनचा गालिचा अंथरतात. त्यामुळे खत घालू नका हे मॅडिसनकरांचं बरोबर आहे, पण लावायच्या जागी फावड्याने किंवा काट्याने फूटभर तरी माती फोडून घ्या. त्याआधी ८११ ला फोन करा, फुकट येऊन गॅस आणि केबलच्या लाइनी मार्क करून जातात, कुंपणाजवळ हमखास काहीतरी असतं. वाळू मात्र घालू नका क्लेमध्ये, लोक सांगतात घाला म्हणून, त्याने काँक्रीटसारखं होतं.

बी हवं असेल तर माझा अनुभव असा: बियांना थंडी आणि ओल लागते, दोन महिने तरी. फ्रिजमध्ये ओल्या वाळूत पिशवीत ठेवतात लोक, मी ते करत नाही, डिसेंबरमध्ये दुधाच्या रिकाम्या गॅलन कॅनला मधून कापून त्यात माती भरतो, बी वर पेरून बोटाने दाबतो, टेपने बंद, झाकण काढलेलं आणि बाहेर बर्फात ठेवून विसरून जातो. एप्रिलमध्ये उगवतं. पण पहिल्या वर्षी ते गवताच्या पात्यासारखं दिसतं, एक-दोन बारीक पाती बस, म्हणून तणासोबत उपटलं जातं. शेजारी काडी टोचून खूण करा. फूल दुसऱ्या वर्षी क्वचित, तिसऱ्या वर्षी नक्की, तोपर्यंत खाली कंद भरत असतो. घाई असेल तर रोपं घ्या, डुपेज काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हवाल्यांचा, म्हणजे राखीव रानं सांभाळणाऱ्यांचा, सेल असतो मेमध्ये. प्रिझर्व्हमधून बी तोडून आणू नका बरं का, बेकायदा आहे.

रोपं कुठूनही घेतली तरी एक प्रश्न विचारायचाच, निओनिकोटिनॉइड कीटकनाशक मारलंय का. ते औषध झाडात भिनतं, परागात आणि रसात उतरतं. फुलपाखरांसाठी झाड लावायचं आणि तेच विषारी आणायचं याला काय अर्थ आहे. मोठ्या साखळी दुकानातल्या पोऱ्याला माहीत नसतं, नेटिव्ह नर्सरीवाले लगेच सांगतात.

असोसिएशनचं: २०२४ मध्ये इलिनॉयने कायदा केलाय, तुमच्या स्वतःच्या हद्दीत इथली स्थानिक झाडं लावायला असोसिएशन सरसकट बंदी घालू शकत नाही. पण नीट राखलेली हवीत, तण आणि कचरा दिसला तर बोलायला त्यांना जागा राहते, आणि सामाईक जागा असेल तर नियम वेगळे, तेव्हा आधी आपले कागद वाचा. व्यवहाराचं सांगायचं तर पट्ट्याच्या कडेला विटा किंवा दगडांची रेघ मारा, पुढच्या बाजूला बुटकी झाडं, मागे उंच आणि एक छोटी पाटी लावा मोनार्कसाठी बाग म्हणून. कडा कापलेली दिसली की लोकांना ते मुद्दाम केलेलं वाटतं, नाहीतर वाटतं मॉवर बिघडलाय.

नेपरव्हिल_नवखी

अरे बापरे किती माहिती, सगळ्यांचे आभार. म्हणजे पन्हाळीजवळ स्पायकाटा, मधे पिक्नोस्टॅकिया, वर अ‍ॅस्पेरा आणि मधे मधे ते ब्लूस्टेम गवत, असं समजू ना? आणि मग मिल्कवीड पण लावावंच लागेल का, कारण सगळीकडे मोनार्क म्हटलं की मिल्कवीडच वाचलंय. नर्सरीत एक लाल-पिवळ्या फुलांचं मिल्कवीड होतं, फार गोड दिसत होतं, अगदी आपल्या हळदीकुंकवासारखं.

ऑस्टिनवासी

सारखं नाही, तेच आहे ते. आपल्याकडे ओढ्याकाठी, रस्त्याकडेला हळदीकुंकू किंवा काकतुंडी म्हणून जे दिसतं ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं झाड आहे, अ‍ॅस्क्लेपियस कुरासाव्हिका, इथे ट्रॉपिकल मिल्कवीड म्हणून विकतात. आम्हाला टेक्सासमध्ये ते लावू नका म्हणून कानीकपाळी ओरडून सांगतात कारण इथे थंडीत ते मरत नाही, वर्षभर हिरवं राहतं, मग मोनार्कच्या अंगावरच्या एका परजीवीचे बीजाणू त्याच्या पानांवर साचत जातात, पुढची अळी तेच पान खाते, आणि काही फुलपाखरं तर प्रवास सोडून इथेच रेंगाळतात. तुमच्याकडे पहिल्या कडक थंडीत मरेल त्यामुळे तो धोका कमी, पण मग दरवर्षी विकत आणून काय मिळवायचं, तुमची गावची मिल्कवीड आहेत की.

आणि हो लावावं लागेल. ब्लेझिंग स्टार म्हणजे मोठ्यांची खाणावळ, अंडी मात्र मोनार्क फक्त मिल्कवीडवरच घालते, अळीला दुसरं काही चालत नाही. तुमच्या ओल्या टोकाला स्वॉम्प मिल्कवीड, गुलाबी फुलांचं, क्लेत मस्त येतं. वरती बटरफ्लाय वीड, केशरी, पण त्याचं मूळ गाजरासारखं सरळ खोल जातं, एकदा लावलं की हलवायचं नाही, आणि वसंतात ते इतकं उशिरा वर येतं की मेलं समजून लोक तिथेच दुसरं काही खणतात. कॉमन मिल्कवीड लहान पट्ट्यात नको, जमिनीखालून पसरतं, दोन वर्षांत सासूबाईंच्या मेथीत निघेल.

मॅडिसनकर

बरोबर. आणि डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या फेडरल वन्यजीव खात्याने मोनार्कला धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदवायचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे तुमच्या असोसिएशनवाल्यांशी बोलायची वेळ आली तर हेही सांगता येईल, शिवाय मोनार्क हा इलिनॉयचा राज्यकीटक आहे आणि मिल्कवीड राज्याचं रानफूल.

फक्त मोनार्कच बघत बसू नका पण. बंबलबी येतात ढिगाने, सकाळी लवकर गेलात तर रात्री काडीलाच धरून झोपलेले नर सापडतात, दव पडलेले, बोट लावलं तरी हलत नाहीत. क्लिअरविंग नावाचा पतंग येतो, दिवसाढवळ्या उडतो आणि हमिंगबर्डसारखा हवेत थांबून रस पितो, मुलं हमखास फसतात. स्किपर, स्वॅलोटेल ही फुलपाखरं, कधी खरा हमिंगबर्ड. एक बारीक गुलाबी-मरून पतंग आहे, लिअ‍ॅट्रिस फ्लॉवर मॉथ, त्याच्या अळ्या ही फुलंच खातात. एखाद्या काडीवरच्या कळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर लगेच स्प्रे काढू नका, हे त्या अळीचं घर आहे. आपण जेवायला बोलावलं आणि पाहुणे जेवले म्हणून रागवायचं हे बरं नाही.

आयोवा_काकू

भाजीचं राहिलं. अगं बारा फुटांतलं वरचं ऊनवालं टोक चार फूट सासूबाईंना दे, मेथी-भेंडीला पाणी आणि खत लागतं आणि या फुलांना नको, त्यामुळे मधे एक फळी किंवा विटांची ओळ टाक म्हणजे भाजीचं पाणी फुलांकडे जाणार नाही. दुधी कुंपणावर चढव, नाहीतर ब्लेझिंग स्टारच्या गळ्यात पडेल.

बटाव्हियाचा_बंड्या

काकू, वरचं टोक दिलं तर अ‍ॅस्पेरा कुठे जाणार? भाजी मधे घ्या, वरचे तीन फूट फुलांना ठेवा. मधल्या पिक्नोस्टॅकियाला थोडं खाली सरकवता येतं, अ‍ॅस्पेराला ओल सहन होत नाही.

आणि मधमाश्या आल्या की दुधी भरपूर लागेल असं कुणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो, दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. पतंग आले तर आले, नाहीतर आपल्यालाच नर फूल तोडून मादी फुलावर फिरवावं लागतं. काकडी आणि लाल भोपळ्याला मात्र बंबलबीचा फायदा होईल.

कोथरूडकर

मधेच घुसतोय. फोटो शोधून बघितले, कमाल फूल आहे. भाऊ शिकागोला असतो, दिवाळीत येतोय, त्याला चार कंद आणायला सांगू का? पुण्यात येईल का हे?

मॅडिसनकर

नका सांगू. बी-कंद भारतात आणायला परवाना आणि रोगमुक्त असल्याचं सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर अडवतील आणि अडवावंच. शिवाय या कंदांना हिवाळ्यात कडक थंडी लागते झोपायला, पुण्याच्या डिसेंबरमध्ये ती मिळत नाही.

तुमच्याकडे याच गोष्टीचं स्थानिक रूप आहे की. मोनार्कचा चुलतभाऊ, प्लेन टायगर, केशरी-काळा-पांढरा, रुईवर अंडी घालतो. रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातले, दोघांनाही पांढरा चीक. एक रुई कोपऱ्यात वाढू दिली तरी पुरे, फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, मुलं असतील तर सांगून ठेवा. आणि खुळखुळा लावा, पिवळ्या फुलांचा, टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकल्या भागांतून एक क्षार शोषायला गर्दी करतात, मादीला आकर्षित करायचा वास त्यातून तयार होतो. तुमची सासवडकडची, बारामतीकडची माळरानं ही प्रेअरीसारखीच दुर्लक्षित, कागदोपत्री पडीक जमीन म्हणून लिहिलेली. तिथली झाडं अंगणात आणायला भाऊ लागत नाही.

कोथरूडकर

रुई घरात लावली तर आई ओरडेल, शनिवारी मारुतीला घालायला पानं लागतात म्हणून सांगून बघतो, पटेल. क्षार म्हणजे मीठ का पण?

मॅडिसनकर

मीठ नाही, चुकीचा शब्द वापरला, अल्कलॉइड म्हणायचं होतं. झाड स्वतःच्या बचावासाठी बनवतं ते कडू रसायन.

नेपरव्हिल_नवखी

नकाशा काढला, वरचे तीन फूट अ‍ॅस्पेरा आणि बटरफ्लाय वीड, मग चार फूट भाजी, मग ब्लूस्टेम आणि पिक्नोस्टॅकिया, पन्हाळीकडे स्वॉम्प मिल्कवीड आणि दोन-तीन स्पायकाटा. नवऱ्याला तो कायदा वाचून दाखवला, आता त्याची तक्रार फक्त जाळ्यांबद्दल आहे की चिकन वायर वाईट दिसते. शेवटचा प्रश्न, सुकलेल्या काड्या मग कधी कापायच्या? फॉरेस्ट प्रिझर्व्हवाले जाळतात तसं काही करावं लागतं का?

आयोवा_काकू

जाळू नकोस गं बाई, फायर ब्रिगेड येईल! त्यांच्याकडे परवाने असतात, माणसं असतात, वारा बघून करतात. घरी एप्रिलच्या मध्यानंतर, दिवसा जरा ऊब यायला लागली की कात्रीने कापायचं, तेही बुडापासून नाही, फूट-दीड फूट थोटकं ठेवायचं. तुमच्या पट्ट्यात जी दुसरी पोकळ किंवा भुसभुशीत गाभ्याची झाडं येतील त्यांच्या थोटकांत बारीक काळ्या रानमाश्या अंडी घालतात. नवीन पाला वाढला की ती थोटकं दिसतही नाहीत. कापलेल्या काड्या लगेच कचऱ्याच्या पिशवीत भरू नकोस, कुंपणामागे रचून ठेव थोडे दिवस, आत कुणी झोपलेलं असेल तर निघून जाईल.

जाळी हिरव्या रंगाची मिळते, ती घे, दहा फुटांवरून दिसत नाही.

बटाव्हियाचा_बंड्या

सेलला लवकर जा, अ‍ॅस्पेरा पहिल्या तासात संपते. माझ्याकडे कॅनमध्ये पिक्नोस्टॅकियाची रोपं जास्त झालीयेत यंदा, हवी असतील तर मेसेज करा, बदल्यात सासूबाईंच्या हातची मेथी चालेल.